फिलोमेनाच्या अंगणाखालचा हौद

मित्रांनो, या अंगणातल्या फरशीवर पाय आपटलात तर खालून पोकळ आवाज येईल. तो आवाज माझा. मी एक जुना हौद आहे. वरून पाहाल तर दगडी कठडा आणि त्यावरचे लोखंडी झाकण एवढेच दिसेल. बाकीचा मी जमिनीखाली आहे, एका मोठ्या खोलीएवढा, कमानीच्या छताचा आणि कायम अंधारातला. झाकण उघडले की मला आभाळाचा एक चौकोन दिसतो. त्या चौकोनातून कोणी डोकावले की मला माणूस दिसते, आणि कठड्याशी कोणी बोलले की मला ते ऐकू येते. माझे सारे आयुष्य एवढ्यावरच गेले आहे.

आमचे बेट युरोपातल्या दाल्मेशिया नावाच्या किनाऱ्यासमोर, समुद्रात आहे. इथे नदी नाही, ओढा नाही, आणि विहीर खणावी तर खारे पाणी लागते. म्हणून बार्तुल नावाच्या माणसाने लग्न ठरल्याबरोबर, घराच्या भिंती उभ्या करण्याआधी मला खणायला घेतले. खडक इतका चिवट होता की पहारीची टोके बोथट होत. त्याने आतून दगड रचले, त्यांवर चुना आणि लाल माती यांचा गिलावा चढवला आणि तो दिवसचे दिवस हाताने घोटला. मग वर घर झाले. घराचे छप्पर त्याने दगडी चिपांचे केले, चुन्याने पांढरे रंगवले, आणि छपरावरचा पाऊस दगडी पन्हळीतून माझ्याकडे वळवला.

बार्तुलची बायको पेरिना मोठी शिस्तीची होती. उन्हाळाभर छपरावर धूळ आणि पक्ष्यांची घाण साठायची. शरदात दक्षिणेचा वारा सुटून ढग आले की ती पन्हळीत चिंध्यांचा बोळा कोंबायची आणि सुरुवातीचे पाणी बाहेर जाऊ द्यायची. छप्पर धुऊन निघाले की डोक्यावर पोते घेऊन ती पन्हळीखाली उभी राही, ओंजळीत पाणी घेऊन चाखून पाही आणि मगच बोळा काढी. मित्रांनो, माझ्या पोटात काय जावे याची इतकी काळजी त्यानंतर फार कोणी केली नाही.

पेरिनाचा मुलगा लुका मोठा झाला आणि त्याने किनाऱ्यापलीकडच्या गावातून बायको आणली. तिचे नाव फिलोमेना. तिचे माहेर नदीकाठचे होते. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी त्या नदीच्या पाण्यावर चाले. त्यामुळे पाणी मोजून वापरायचे असते हे त्या मुलीला ठाऊकच नव्हते. आल्या आल्या दुसऱ्या सकाळी तिने भले मोठे घमेले भरून कोबी धुतला आणि ते पाणी भिंतीपलीकडे फेकून दिले.

पेरिना स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. "अगं बाई, हे काय केलंस?"

"पाणी फेकलं, सासूबाई. घाण झालं होतं."

"कोबी धुतलेलं पाणी घाण? त्याने फरशी पुसली असती. फरशीचं पाणी अंजिराला घातलं असतं. तू दोन कामं भिंतीपलीकडे फेकलीस!"

"आमच्या दारातून नदी वाहते," फिलोमेना रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग हुंड्यात नदी घेऊन यायची होतीस!"

त्या दिवशी दुपारी सगळे द्राक्षमळ्यात गेल्यावर फिलोमेना माझ्या कठड्याला टेकून रडली. मी तिला पहिल्यांदा जवळून पाहिले ते तेव्हा. रुंद कपाळाची, गालांवर वांग असलेली ती कोवळी मुलगी माझ्या काळ्या पाण्यात स्वतःचा चेहरा शोधत होती.

हळूहळू ती सगळे शिकली. पोहरा धपकन सोडायचा नाही, म्हणजे तळाचा गाळ ढवळत नाही. मासे समुद्रावरच साफ करून आणायचे. बटाटे उकडताना निम्मे पाणी समुद्राचे घ्यायचे, म्हणजे मीठ वेगळे लागत नाही. ताटल्या आधी पावाच्या तुकड्याने पुसायच्या, तो तुकडा कोंबड्यांना टाकायचा आणि मगच ताटली धुवायची. कपड्यांना चुलीतल्या राखेचे पाणी लावायचे, ते समुद्रात खळबळायचे आणि शेवटच्या एका पाण्यापुरतेच माझ्याकडे यायचे. त्या पाण्यानेही पुढे पायऱ्या धुतल्या जात. काही वर्षांनी तर अशी वेळ आली की शेजारणीच्या हातून थोडे पाणी सांडले की फिलोमेनाच कळवळून ओरडायची. पेरिना मग गालातल्या गालात हसायची.

एकदा फिलोमेनाच्या माहेराहून परतताना लुकाने ओल्या पोत्यात गुंडाळून एक वाम आणली. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. हौदातले किडे आणि डासांची अंडी ती खाते आणि पाणी निर्मळ ठेवते, म्हणून आमच्याकडे तिला हौदात सोडतात.

"हे घे, तुझ्या माहेरचं माणूस," लुका म्हणाला. "तुमच्याच नदीतलं आहे. आता रडत बसू नकोस."

"हे माणूस?"

"तुझ्या भावापेक्षा थोडं कमी बोलतं, एवढंच."

फिलोमेना इतकी हसली की ते हसू माझ्या कमानीत बराच वेळ फिरत राहिले. तेव्हापासून माझ्या अंधारात कोणीतरी सोबतीला आले. वाम रात्रंदिवस माझ्या भिंतींना अंग घासत फिरायची. आम्ही एकमेकांशी कधी काही बोललो नाही, पण घरात कोणी असले की घर जसे वाटते तसे मला वाटू लागले.

ती माझी सुखाची वर्षे होती. गावात मला नाव होते. उन्हाळ्याच्या शेवटी इतरांचे हौद तळाला जात, आणि किनाऱ्यावरून पिण्याचे पाणी आणणाऱ्या बोटीची वाट पाहत लोक धक्क्यावर बादल्या घेऊन उभे राहत. आमच्याकडे तेव्हाही पोहरा बुडत असे. समोरच्या घरातला प्रॉस्पेर नावाचा तरुण बादली घेऊन यायचा आणि म्हणायचा, "फिलोमेना, तुझा हौद आहे की समुद्राला भोक पाडलंयस?"

पुढे किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाने नळ आला. त्या दिवशी गावात बँड वाजला. फिलोमेनाने स्वयंपाकघरातला नळ उघडला, त्याखाली हात धरला आणि ती लहान मुलीसारखी ओरडली, "लुका, अरे ही माझ्या माहेरची नदी! नदी घरात आली!" कारण ते पाणी खरोखर त्याच नदीचे होते. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. माहेर दारात आले तर कोणती बाई पोहरा घेऊन माझ्याकडे येईल?

म्हाताऱ्या पेरिनाने मात्र शेवटपर्यंत नळाचे पाणी प्यायले नाही. "मला हौदाचं दे," ती म्हणायची. पेरिना गेली आणि ते म्हणणारेही कोणी उरले नाही. झाकण गंजून बसले. पन्हळीचा एक दगड निखळला आणि माझ्याकडे येणारा पाऊस निम्मा झाला. आभाळाचा चौकोन मला दिसेनासा झाला. गावातल्या कितीतरी हौदांत त्या काळात संडासाचे पाणी सोडले गेले. शेजारच्या हौदाचे काय झाले ते मला वासावरूनच कळले. मी आणि वाम, आम्ही दोघे अंधारात पडून राहिलो. अंगणावरची पावले ऐकू येत. आधी तिघांची होती, मग दोघांची. फिलोमेनाचा मुलगा येर्को शिकायला स्प्लिट शहरात गेला आणि तिथलाच झाला. मग एका हिवाळ्यात अंगणात खूप पावले वाजली, पाद्रीबुवांचा आवाज आला, आणि त्यानंतर फक्त फिलोमेनाचीच चप्पल वाजत राहिली. लुका गेला होता.

अशी किती वर्षे गेली, मला सांगता येणार नाही. एका कडक उन्हाळ्यात ती खिडकीपाशी फोनवर मोठ्याने बोलत होती. पलीकडे तिचा भाऊ स्टिपान होता. त्याचे बोलणे मला ऐकू येत नव्हते, तिचे येत होते.

"काय म्हणतोस? पायी? आपल्या गिरणीपाशी पोरं पायी पलीकडे जातात? चपला तरी भिजतात का? मग नदीचं पाणी गेलं कुठे?"

मग तिचा आवाज खाली आला. "इकडे? आमच्या नळाला?" स्टिपानने काय उत्तर दिले असेल ते मला तिच्या या प्रश्नावरून कळले. बेटावर उन्हाळ्यात पाहुण्यांची झुंबड असते. प्रत्येक घरात नळ, प्रत्येक हॉटेलात पोहण्याचा तलाव. ती नदी इकडेच येत होती.

थोड्या वेळाने माझ्या झाकणावर हातोडीचे घाव पडले. गंजलेल्या बिजागरीत तेल सोडले गेले. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला आभाळ दिसले. त्यात फिलोमेनाचा चेहरा होता. केस सगळे पांढरे झाले होते, पण गालांवरचे वांग तेच.

"माझी नदी मी इथे भांड्यांवर ओतत बसले," ती खाली पाहून म्हणाली. "सासूबाई असत्या तर झाडूने मारलं असतं मला."

त्या आठवड्यात तिने समोरच्या प्रॉस्पेरला बोलावून पन्हळीचा दगड बसवून घेतला. एव्हाना प्रॉस्पेरही म्हातारा झाला होता आणि सगळे गाव त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणत होते. छपराला पुन्हा चुना लागला. शरदात चिंध्यांचा बोळाही पन्हळीत बसला. नळ तिने बंद केला नाही, पण तो आता क्वचितच वाहायचा. कोबीचे पाणी पुन्हा फरशीवर आणि फरशीचे अंजिरावर जाऊ लागले.

आणि ती माझ्याशी बोलू लागली. एकटे माणूस कोणाशी तरी बोलणारच. पोहरा सोडताना ती विचारायची, "आहेस ना रे?" खालून माझ्या कमानीतून "ना रे" असे घुमले की म्हणायची, "तूही नाहीस? बरं बाई." मग वामीची चौकशी, मग गुडघ्यांची तक्रार, मग दुकानात पावाचा आकार कसा लहान होत चालला आहे ते. येर्कोचा फोन आला तर ते सांगायची. आला नाही तर दुसरेच काहीतरी बोलायची.

एका वसंतात येर्को आला. आता तो पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस होता. त्याने अंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या कठड्यावर हात ठेवला.

"आई, वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढू. न्हाणीघरं धरून. त्यांना सांडपाण्याचा खड्डा लागेल. मागे खडक फोडायचा म्हणजे जन्म जाईल. हा तर आयताच आहे."

"यात पाणी आहे, येर्को."

"नळ आहे ना आई! सगळ्या गावाने केलं. तू एकटीच बादल्या ओढत बसलीयस. उद्या पाय घसरून पडलीस तर मला स्प्लिटमध्ये कळायचं तरी कसं?"

फिलोमेनाने हळूच विचारले, "खोल्या झाल्या की उन्हाळाभर इथेच राहावं लागेल ना तुला?"

"बघू," येर्को म्हणाला.

त्या "बघू"वर तिने माझा सौदा केला. "कर बाबा तुला काय करायचं ते," ती म्हणाली. मित्रांनो, मी ते शब्द ऐकले आणि माझ्या भिंती थंडगार पडल्या. पण तिचा चेहरा त्या चौकोनात होता. त्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला तिला दोष देता आला नाही.

येर्को पंप आणून पाणी गल्लीत सोडणार होता. त्यावर मात्र ती कडाडली. "माझ्या सासूच्या हौदाचं पाणी गटारात? मी मेले की सोड!" मग तिने आणि बार्बा प्रॉस्पेरने मिळून मला उपसायला घेतले. रोज सकाळी थोडे थोडे. ते पाणी अंजिराला गेले, द्राक्षवेलींना गेले, प्रॉस्पेरच्या ऑलिव्हच्या रोपांना गेले, चर्चसमोरच्या कुंड्यांना गेले. ज्या म्हाताऱ्यांना अजून हौदाच्या पाण्याची कॉफी आवडते त्यांच्या घरी घागरी गेल्या. थेंबभरही वाया गेला नाही. मरणाऱ्याने सगळे वाटून जावे, तसा मी वाटला गेलो.

तळाशी गुडघाभर पाणी उरले तेव्हा पोहऱ्यात वाम आली. दंडाएवढी जाड, डोळे मोठे आणि दुधी झालेले.

"हिला आता समुद्रच हवाय," प्रॉस्पेर म्हणाला. "म्हाताऱ्या वामी अंडी घालायला दूर समुद्रात जातात. हिचं जाणं तू इतकी वर्षं अडवून धरलंस, फिलोमेना."

"मी कुठे? लुकाने आणली."

"मग लुकाला शिव्या घालत सोडून ये."

ती वामीला धक्क्यावर घेऊन गेली. परतल्यावर तिने रिकामा पोहरा कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "वळूनसुद्धा पाहिलं नाही." त्या दिवसापासून मला अंधार जास्त काळा वाटू लागला. भिंतींना कोणाचे अंग घासत नव्हते. मी पूर्ण कोरडा, पूर्ण एकटा झालो.

काही दिवसांनी येर्को शिडी लावून माझ्यात उतरला. नळी कुठून आत घ्यायची ते त्याला पाहायचे होते. फिलोमेना तेव्हा बाजारात गेली होती. तो टॉर्च घेऊन भिंत चाचपत कोपऱ्यात गेला. तेवढ्यात वर चप्पल वाजली. मग तिची सावली चौकोनात आली. शिडी तिला दिसली असेल, पण उपसा सुरू झाल्यापासून शिडी तिथेच पडून असे. तिने सवयीने कठड्यावर कोपरे टेकली.

"आहेस ना रे?" ती म्हणाली. "आता तू तरी काय ऐकणार? पाणी गेलं, वाम गेली. पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाजारात असताना येर्कोच्या बायकोचा फोन आला. म्हणाली, आई, काळजीच करू नका. चाव्या द्यायला, चादरी बदलायला गावातल्याच एका बाईला ठेवलंय. आम्हाला यायची गरजसुद्धा पडणार नाही." तिने हातातली पिशवी कठड्यावर ठेवली. "मी खोल्यांसाठी हो म्हटलं होतं का रे? मला वाटलं, तो येईल. उन्हाळाभर राहील. सकाळी त्याच्या खोकण्याचा आवाज येईल. त्यासाठी मी तुला विकलं. आणि तेही मिळालं नाही. त्याला सांगू नकोस हं. त्याला वाटेल, म्हातारी कुरकुर करते."

येर्कोने टॉर्च विझवला होता. तो कोपऱ्यात, माझ्या भिंतीला पाठ लावून उभा होता. बार्तुलनंतर माझ्या भिंतीला माणसाची पाठ लागली नव्हती. त्याचा श्वास मला जाणवत होता. वर ती अजून उभीच होती. शेवटी त्यालाच राहवले नाही.

"आई."

"अगं आई गं!" ती दचकून मागे सरली. मग पुन्हा पुढे वाकली. "येर्को? तू आत आहेस? कधीपासून?"

"आत्ताच उतरलो."

दोघांनाही ते खोटे आहे हे ठाऊक होते.

"वर ये," ती म्हणाली. "घेवड्याचं सूप गार होतंय. आणि पाय पुसून ये, तळाला गाळ आहे."

तो वर गेला. जेवताना ते काय बोलले ते मला ऐकू आले नाही. पण दुपारी त्याने मिस्त्र्याला फोन केला आणि हौदाला हात लावायचा नाही म्हणून सांगितले. खड्डा मागे, पडक्या गोठ्याच्या जागी खणायचा ठरला, आणि तो खणायला तो स्वतः येऊ लागला. दर शनिवारी सकाळच्या बोटीने. तीन खोल्यांची एकच खोली झाली. खडक फोडायला सारा हिवाळा लागला. बार्बा प्रॉस्पेर भिंतीवरून ओरडायचा, "येर्को, इतक्या वेळात तुझ्या आजोबाने दोन हौद खणले असते!" आणि येर्को म्हणायचा, "त्यांची आई त्यांना इतकं जेवायला घालत नसेल!" काम त्याने मुद्दाम लांबवले, असे प्रॉस्पेर आजही सांगतो. मला ते खरे वाटते.

मधल्या शरदात पाऊस आला आणि मी पुन्हा भरलो. मित्रांनो, सगळे पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. वाम आता दूरच्या समुद्रात कुठे असेल कोण जाणे. भरलेल्या पाण्यातही मला तिची उणीव जाणवते. फिलोमेनाला पोहरा ओढवत नाही, म्हणून येर्कोने कठड्यावर हातपंप बसवला आहे. शनिवार-रविवारी अंगणात दोघांची पावले वाजतात. बाकीचे दिवस लांबलचक असतात. ती कठड्याशी येते, कोबीचे घमेले मांडीवर घेऊन बसते, आणि शनिवारपर्यंत काय काय सांगायचे राहिले आहे ते आधी मला सांगून पाहते.

मी दगडाचा आहे, तुम्हाला काय शिकवणार? पण दोन गोष्टी मागतो. हातातले पाणी ओतून देण्याआधी क्षणभर थांबा आणि आजूबाजूला पाहा. एखादे झाड, एखादी फरशी, दूर कुठली तरी आटत चाललेली नदी त्याची वाट पाहत असेल. आणि तुमच्या घरातले एखादे म्हातारे माणूस भांड्याशी, कुंडीशी, मांजराशी बोलताना दिसले तर हसून पुढे जाऊ नका. जवळ जाऊन बसा. ते बोलणे तुमच्यासाठीच साठवून ठेवलेले असते.